पिवळं इंजेक्शन जपून वापरणाऱ्या मॅडम

डॉ. विशाखा खंडारे यांची साठी साजरी होणार आणि त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात मीही चार पानं लिहायची, असा संयोजकांचा निरोप आला तेव्हा मी आधी सरळ नकार कळवला. सरकारी नोकरीत जन्मभर मी जे लिहिलं ते अहवालांत, आणि अहवालात कुणाचं कौतुक करायची सोय नसते. संयोजकांनी हे मॅडमच्या कानावर घातलं. लगेच त्यांचा फोन आला. "भाऊ, तुमी नाई लिहिलं तर दुसरा कोनी लिहीन, अन् तो मले पार देवी करून ठेवीन. तुमीच लिहा." हा हुकूम मानून लिहायला बसलो आहे. देवी करणार नाही. त्यांच्याबरोबर काम करताना मी त्यांच्यावर जितका चिडलो तितका सख्ख्या भावावरही कधी चिडलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या एका गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. लसी टोचायच्या, जखमा धुवायच्या, बिथरलेलं जनावर धरायचं आणि डॉक्टर दौऱ्यावर असले की त्यांच्या वाट्याच्या शिव्या आपण ऐकून घ्यायच्या. मॅडम रुजू झाल्या तो बाजाराचा दिवस होता. दवाखान्यापुढच्या कडुनिंबाखाली गाई, गोऱ्हे, शेळ्या यांची जत्रा भरलेली. नव्या डॉक्टर येणार म्हणून मी खुर्ची पुसून ठेवली होती, टेबलावर फडकं मारलं होतं, चहा सांगितला होता. त्या आल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि सरळ निंबाखाली जाऊन पहिल्या बैलापुढे उकिडव्या बसल्या. चहा मग माझा मीच प्यालो.

"रवंथ करते का?" त्यांनी बैलाच्या धन्याला विचारलं.

"हाव, करते. जरासा कमी करते."

"शेन कसं हाय? पानी पेला का सकायी? काल काय खाल्लं त्यानं?"

धन्याने वैतागून माझ्याकडे पाहिलं. आमच्या दवाखान्याची तोवरची पद्धत सोपी होती. जनावर आलं की पिवळं इंजेक्शन द्यायचं आणि पुढचं जनावर घ्यायचं. धनीही खूश आणि आपणही मोकळे. "डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "पिवयं मारून द्या ना जी. इतल्या चौकश्या काऊन करून राह्यल्या?"

"कारन हा बैल तुमच्यासंग बोलते, माह्यासंग नाई बोलत," मॅडम म्हणाल्या. "मंग तुमालेच इचारा लागते."

बैलाने आदल्या दिवशी सरकीच्या पोत्यात तोंड घातलं होतं, एवढं त्या चौकशीतून निघालं. मॅडमनी त्याला लंघन सांगितलं, पोट चोळून दाखवलं आणि इंजेक्शन न देता परत पाठवलं. धनी जाताना जे बोलला ते गौरवग्रंथात लिहिण्यासारखं नाही. बैल मात्र दुसऱ्या दिवशी नांगराला होता.

या पिवळ्या इंजेक्शनबद्दल थोडं लिहितो, कारण हा ग्रंथ शहरातली मंडळीही वाचतील. ते एक प्रतिजैविक, म्हणजे आपल्या बोलण्यातलं अँटिबायोटिक. बाटलीतला रंग पिवळा म्हणून गावात त्याला पिवळंच म्हणत. ठरावीक जंतूवरच चालतील अशी काही औषधं असतात. हे त्यातलं नव्हे. फुफ्फुसातले, रक्तातले, जखमेतले, नाना जातींचे जंतू ते मारतं. प्रयोगशाळा लांब, रोगाचं नाव कळायला वेळ लागणार आणि जनावराने तर मान टाकलेली, अशा वेळी असं औषध हाताशी असणं हे केवढं बळ असतं ते गोठ्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मॅडमनी हे कधी नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच असे: "हे औषध नाव-गाव विचारून मारत नाही, भाऊ. कामाचे जंतूही त्यात जातात. आणि जे वाचतात ते पुढच्या वेळी त्याला भीत नाहीत. हेच औषध, नाहीतर त्याची भावंडं, उद्या माणसालाही लागणार आहेत."

त्यांनी पहिल्याच आठवड्यात औषधांच्या कपाटाची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. गावात बोंब झाली. नव्या बाईंना इंजेक्शन देता येत नाही म्हणून त्या टाळतात, असंही लोक म्हणाले. सरपंच दोनदा येऊन बसून गेले. मॅडम त्यांना चहा पाजत, त्यांच्या गाईची चौकशी करत आणि किल्लीचा विषय निघाला की मला हाक मारून लसीकरणाचं वेळापत्रक काढायला लावत. मला त्यांचा राग यायचा तो इथे. लोकांची तोंडं शेवटी मलाच बंद करावी लागत आणि ते काम इंजेक्शनने फार लवकर होत असे.

माझ्यावरही त्यांनी हा कायदा चालवला. एकदा मला सर्दी-खोकला झाला. मी मेडिकलमधून कुणालाही न विचारता चांगल्या भारी कॅप्सूलची पट्टी आणून खिशात ठेवली होती. मॅडमना ती दिसली. त्यांनी हात पुढे केला, पट्टी घेतली आणि टेबलाच्या खणात टाकून खण लावला. "तुमाले सर्दी झाली, घटसर्प नाई," म्हणाल्या. मी खूप कुरकुर केली. पण मी बरा होईपर्यंत माझ्या वाट्याचे दौरे त्यांनी एकटीने केले आणि रोज दुपारी त्यांच्या घरून माझ्या घरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि लसणाची गरम गरम फोडणी दिलेली डाळ येत राहिली. मॅडमचं मूळ गाव रोहिणखेडच्या अलीकडचं. वडील शाळामास्तर, आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणारी. भाकर आईसारखी थापता येते, याचा त्यांना पदवीइतकाच अभिमान आहे. सर्दी कशाने गेली ते मी अजून कबूल केलेलं नाही.

पण मॅडम औषधाच्या बाबतीत कंजूष होत्या, असा समज कुणी करून घेऊ नये. आता जी हकिकत सांगणार आहे तिच्यात ते येईलच.

आमच्या गावात गणपतराव अढाव आणि सुशीलाबाई हे जोडपं आहे. शेती बेताची. घर चालायचं ते सुशीलाबाईंच्या म्हशीवर. ही म्हैस पूर्णाथडी, म्हणजे आपल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातली, रंगाने काळी नव्हे तर राखाडी-भुरकट. नावही भुरीच. सुशीलाबाईंच्या भावाने ती पारडी असताना बहिणीला दिलेली, त्यामुळे म्हैस कुणाची यावर त्या घरात वाद नव्हता. भुरीच्या दुधाचं दही सुशीलाबाई संग्रामपूरच्या बाजारात विकायच्या. मडकं उलटं केलं तरी हलू नये असं ते दही. गिऱ्हाईक ठरलेलं होतं आणि दुपारच्या आत मडकं रिकामं होत असे.

एका पावसाळ्यात गणपतराव चिखल तुडवत दवाखान्यात आले. भुरीचा गळा सुजला होता, ताप होता आणि श्वास घेताना घरघर लांबून ऐकू येत होती. घटसर्प. जनावरांतला हा रोग म्हशीला फार वेळ देत नाही. मी काही बोलायच्या आत मॅडमनी कपाट उघडून पिवळ्या बाटल्या पिशवीत टाकल्या होत्या. गाडी चिखलात रुतली तिथून आम्ही चालत गेलो. मॅडमनी औषध सलाइनमध्ये मिसळलं आणि भुरीच्या मानेच्या शिरेतून हळूहळू सोडलं. बाटली मी धरली होती. सुशीलाबाई म्हशीचं तोंड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या सकाळी घरघर कमी झाली. संध्याकाळी भुरीने हिरवा चारा हुंगला. आणखी मात्रा झाल्या आणि भुरी उठली.

मॅडमनी जाताना दोन गोष्टी बजावल्या. पहिली, पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचून घ्यायची, म्हणजे ही वेळच येणार नाही. दुसरी, मी सांगेपर्यंत हिचं दूध विकायचं नाही आणि दहीही लावायचं नाही. पहिली गोष्ट सुशीलाबाईंना पटली. दुसरी पटली नाही. पांढरंशुभ्र दूध ओतून द्यायला हात धजेना. त्यांनी ते विरजलं. घरचं विरजण आजारपणाच्या गडबडीत संपलं होतं, म्हणून भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या पार्वताबाईंकडून वाटीभर मागून आणलं.

दही लागलं नाही. दिवसभर मडक्यात दूधच. सुशीलाबाईंच्या हातचं दही लागलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी त्याचा एकच अर्थ काढला: पार्वताबाईंनी मुद्दाम खराब विरजण दिलं. भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्या तसं बोलल्या. पार्वताबाई वयाने थोर, विधवा, सोवळ्याओवळ्याच्या कडक. सगळं गाव त्यांच्याकडून विरजण नेई. त्यांना हे फार लागलं. तेव्हापासून दोन्ही घरांची दारं शेजारी-शेजारी असूनही बोलणं बंद झालं.

मडकं घेऊन सुशीलाबाई दवाखान्यात आल्या तेव्हा मॅडमनी कपाळावर हात मारला. "अवं बाई, विरजनात काईच खोट नव्हती. दवाई म्हशीच्या अंगातून दुधात उतरली. विरजन म्हंजे बी जंतूच. चांगले जंतू. दवाईनं ते मारले. म्हून तं दूध घेऊ नका म्हटलं होतं." सुशीलाबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. पार्वताबाईंना जाऊन सांगा, असंही मॅडम म्हणाल्या. पण शब्द सुटून गेलेला होता. त्या गेल्या नाहीत.

इकडे गणपतरावांच्या डोक्यात दुसरंच काही बसलं होतं. मरणाच्या दारातली म्हैस पिवळ्याने परत आणली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या हिवाळ्यात भुरी जरा सुस्तावली, शेण पातळ झालं. मॅडम मीटिंगला बुलढाण्याला गेलेल्या. त्या असत्या तरी अशा दुखण्याला पिवळं देणार नाहीत, हे गणपतरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तालुक्याहून त्याच जातीच्या, माणसाच्या कॅप्सूल आणल्या आणि भाकरीत गूळ घालून भुरीला चारल्या. एवढं मोठं जनावर, एकाने काय होणार, म्हणून सढळ हाताने. रोज. आणि आजार पसरू नये म्हणून गोठ्यातल्या दोन्ही बैलांनाही.

आम्हाला बोलावणं आलं तेव्हा भुरी उभी होती, पण डोळे खोल गेलेले, नाकपुड्या कोरड्या. दूध आटलेलं. मॅडमनी तिच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली आणि मग कान लावला. धडधाकट जनावराच्या त्या कुशीत पोट सारखं घुसळत असतं, हाताला कळतं. मॅडमनी बराच वेळ कान काढला नाही.

"रवंथ कवापासून बंद हाय?"

गणपतरावांनी सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. वर म्हणाले, "मॅडम, आता याच्यापेक्षा भारी काई असन तं टोचा. पन माह्या घरातली लक्ष्मी वाचवा."

"भारी टोचलं तं मरन ते," मॅडम म्हणाल्या. त्या गणपतरावांवर ओरडल्या नाहीत. मी ओरडलो, मला राहवलं नाही. मॅडम सुशीलाबाईंकडे वळल्या. "बाई, म्हशीले चारा पचत नाई. तिच्या पोटातले जंतू चारा पचवतात अन् त्याच्यावर म्हैस जगते. सुईनं दवाई शिरेत गेली, ते येगळी गोष्ट. हे गोया तोंडातून सिद्धा पोटात गेल्या."

सुशीलाबाईंना समजायला वेळ लागला नाही. दह्याचं मडकं त्या विसरल्या नव्हत्या. "म्हंजे हिच्या पोटातलं विरजन मेलं?"

"हाव."

"मंग नवं लावा ना, मॅडम!"

"तेच करा लागते," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

नवं विरजण म्हणजे निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी किंवा त्याच्या तोंडात आलेला रवंथाचा गोळा. तो आजारी जनावराच्या पोटात गेला की चांगले जंतू पुन्हा वाढू लागतात. उपाय जुना आहे आणि पुस्तकातही आहे. पोटातलं पाणी काढायची रबरी नळी दवाखान्यात होती, पण जागोजागी तडकलेली. राहिला रवंथ. अढावांच्या बैलांचा चालणार नव्हता, कारण त्यांचीही पोटं गणपतरावांनी धुऊन काढली होती. आम्ही गावात विचारत फिरलो. प्रत्येक घरी एकच उत्तर. गाईच्या मुखातला घास काढायचा? मॅडम, दुसरं काहीही मागा. एकाने तर गोठ्याचं दार लावून घेतलं. मला त्या साऱ्या गावाचा संताप आला. दिवस कलला होता आणि भुरी आता बसली होती.

"पार्वताबाईची तांबी गाय," मॅडम म्हणाल्या. "एकाच शिवारात चरते, चारा बी सारखाच."

मी म्हटलं, त्या बाई देणार नाहीत, आणि या घराला तर मुळीच नाही. मॅडम तोवर पार्वताबाईंच्या ओसरीवर पोहोचल्या होत्या.

"तांबीच्या तोंडातला घास?" पार्वताबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई, नरकात धाडता का मले या वयात?"

"घास नाई मागत, काकू. विरजन मागाले आलो. भुरीच्या पोटात लावाले."

मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मडक्यातलं दही का लागलं नव्हतं, तेही.  शेवटी पार्वताबाई म्हणाल्या, "म्हंजे माह्या विरजनात खोट नव्हती?"

"नव्हती. मी तवाच सांगतलं होतं तिले."

"मले नाई सांगतलं कोनी."

मॅडम उठल्या, बाहेर गेल्या आणि सुशीलाबाईंना घेऊन आल्या. विरजण मागायला जाताना आपली वाटी न्यायची असते. सुशीलाबाईंच्या हातात वाटी होती. "काकू," त्या म्हणाल्या, "मी वाईट बोलली. तुमच्या विरजनाले नाव ठेवलं. माही म्हैस मरून राह्यली हो." आणि त्या तिथेच मोठ्याने रडू लागल्या.

पार्वताबाईंनी वाटीकडे पाहिलं. मग देवळीतल्या दिव्याकडे पाहिलं. तो नुकताच लावला होता. "दिवे लागले," त्या म्हणाल्या. "दिवे लागल्यावर माह्या घरचं विरजन भाईर जात नाई."

मी तोंड उघडणार तोच मॅडमनी माझी बाही धरली. "ठीक हाय, काकू. सकायी येतो," म्हणाल्या आणि मला बाहेर घेऊन आल्या. मी म्हटलं, मॅडम, इथे जीव जातोय आणि तुम्ही कसल्या समजुती सांभाळता? त्यावर त्या जे बोलल्या ते मी पुढे नोकरीत अनेकदा वापरलं. "त्यांनी नाही म्हटलं नाही, भाऊ. वेळ सांगितली. आता वाद घातला तर त्या नाही म्हणतील." म्हैस रात्र काढील का, असं मी विचारलं. माहीत नाही, म्हणाल्या. त्या घरी गेल्या नाहीत. कोमट पाणी पाजत, कूस चोळत अढावांच्या गोठ्यातच थांबल्या.

उजाडता उजाडता पार्वताबाई अंघोळ करून स्वतःच हाक द्यायला आल्या. तांबी त्यांच्या गोठ्यात निवांत बसून रवंथ करत होती. गाय एक घास चावून गिळते, क्षणभर थांबते आणि मग गळ्यातून दुसरा गोळा वर येताना स्पष्ट दिसतो. तो तोंडात आला की चावायच्या आत काढायचा. बोलायला सोपं आहे. मी हात घातला तशी तांबीने जबडा आवळला. अंगठ्याचं नख त्यानंतर काळं पडून गेलं. मॅडमनी प्रयत्न केला तर गाय उठून उभीच राहिली. परकं माणूस जवळ असताना तिने रवंथच थांबवला. शेजारच्या गोठ्यातून सुशीलाबाई विचारत होत्या, "भेटलं का? भेटलं का?" 

"काकू," मॅडम म्हणाल्या, "ते तुमालेच देईन. आमाले नाई देत."

पार्वताबाई गाईपुढे बसल्या. बराच वेळ त्या तिची मान खाजवत राहिल्या. तांबी पुन्हा खाली बसली, पुन्हा जबडा हलू लागला. मॅडम मागून हळू आवाजात सांगत होत्या, गालाच्या कडेने, दात नसतात तिथून, जीभ बाजूला. गळ्यातून गोळा वर आला. "आता." पार्वताबाईंनी डोळे मिटून हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर वाफाळता हिरवा गोळा होता. "माफ कर वं माय," त्या गाईला म्हणाल्या आणि तो गोळा त्यांनी सुशीलाबाईंच्या वाटीत ठेवला.

मॅडमनी तो कोमट पाण्यात गूळ घालून कालवला आणि बाटलीने थोडा थोडा भुरीला पाजला. ठसका लागू नये म्हणून तिचं डोकं कुणालाही वर ओढू दिलं नाही. मग पार्वताबाईंनी दुसरा गोळा आणला. दिवसभरात अनेक आणले. सरावल्यावर त्या आमच्याकडे बघतही नव्हत्या. सुशीलाबाईंनी आपल्या गंजीतला निवडक कडबा तांबीपुढे नेऊन टाकला आणि पार्वताबाईंनी तो टाकू दिला. दुसऱ्या दिवशीही हेच चाललं. संध्याकाळ व्हायच्या आधी मॅडमनी भुरीच्या कुशीला कान लावला आणि सुशीलाबाईंना खूण केली. सुशीलाबाईंनी कान लावला. पोटात गुडगुडत होतं. त्यांनी गणपतरावांना ओढून त्यांचाही कान तिथे दाबला. आम्ही तसेच बसून राहिलो. भुरीने मान किंचित लांब केली, गळ्यातून काहीतरी वर आलं आणि तिचा जबडा आडवा हलला. एकदा, मग पुन्हा. मला त्या क्षणी किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. भिंतीपलीकडून आवाज आला, "करते का वं?"

"करते, काकू!" सुशीलाबाई ओरडल्या. "रवंथ करते!"

त्यानंतर आमच्या दवाखान्याच्या गावांत बरंच बदललं. गोठ्यात एखादं जनावर पोटाने बंद पडलं तर शेजारीण आता वाटी घेऊन जाते आणि तिला कुणी पाप-पुण्य सांगत नाही. लसीकरणाच्या दिवशी लोक आपणहून रांग लावतात. पिवळं अजूनही लागतं. गेल्याच पावसाळ्यात एका पाड्यावर घटसर्प आला तेव्हा ते लागलं, आणि लगेच लागू पडलं. पण इतर वेळी शेतकरीच सुई पाहून विचारतो, "हे द्याच लागते का जी?" नव्याने आलेले तरुण डॉक्टर या प्रश्नाने गोंधळतात. मी त्यांना सांगतो की हा प्रश्न या भागात खंडारे मॅडमनी पेरला आहे, आणि उत्तर नीट देता येत नसेल तर सुई पिशवीत ठेवा. मॅडम निवृत्त झाल्या तरी त्यांना फोन येतात आणि त्या अजूनही आधी रवंथाचीच चौकशी करतात. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. मेडिकलमधून कॅप्सूल आणणारे गणपतराव गावोगाव आहेत. आमचे गणपतराव मात्र आता तसल्या माणसाला बाजारात गाठून पदरचा चहा पाजतात आणि भुरीची गोष्ट सांगतात, दर वेळी थोडी वाढवून.

आता शुभेच्छा. यासाठी मी बरेच मोठे शब्द जुळवून पाहिले, पण मनासारखे जमले नाहीत. म्हणून भुरीने रवंथ केला त्या संध्याकाळचीच एक गोष्ट सांगतो. आम्ही हातपाय धुऊन निघालो होतो. पार्वताबाईंनी मॅडमना हाक मारली आणि ओसरीवर न थांबवता आत नेलं, थेट स्वयंपाकघरात, चुलीपुढे. त्या घरात चुलीपर्यंत कुणाला जाऊ देत आणि कुणाला नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि मॅडमनाही. मी दारातून पाहत होतो. पार्वताबाईंनी स्वतःच्या ताटात भाकर वाढली, वर दही घातलं आणि मॅडम जेवत असताना समोर बसून राहिल्या.  जेवण झाल्यावर मॅडम ताट धुवायला उठल्या तर पार्वताबाईंनी ते हातातून काढून घेतलं. मॅडम पाया पडायला वाकल्या. त्यांना मध्येच धरून, दोन्ही हात त्यांच्या गालांवरून फिरवून म्हाताऱ्या पार्वताबाई आशीर्वाद म्हणून जे म्हणाल्या, तेच मी आज आपल्या सर्वांच्या वतीने म्हणतो:

"लय म्हातारी होय, वं माय. माह्याहून म्हातारी होय."